तोडणीआधीचं औषध

स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. आंबा अढीत पिकतो, केळी पिकतात, सीताफळ घरात आणून ठेवलं तरी पिकतं. स्ट्रॉबेरी देठावरून खुडली की तिची गोडी आहे तिथंच थांबते. रंग थोडा चढतो, पण चव वाढत नाही, आणि मऊ पडायला मात्र त्याच क्षणापासून सुरुवात होते. एवढी साधी गोष्ट सांगण्यात माझ्या नोकरीची शेवटची बरीच वर्षं गेली. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले तरी फोन येतातच. तोडलेली फळं समोर ठेवून माणूस विचारतो, "मॅडम, ह्याच्यावर काय मारू?" मी म्हणते, आता काही मारू नका, खाऊन टाका.

जालना जिल्ह्यात स्ट्रॉबेरी म्हटलं की बाहेरचे लोक हसतात. जालना म्हणजे मोसंबी, कापूस, बियाण्याच्या कंपन्या आणि एमआयडीसीतल्या सळयांच्या गिरण्या. त्यात ही थंड डोंगरावरची नाजूक बाई कुठून आली? पण आमच्याकडंही दोन-तीन महिने चांगली थंडी पडते. रोपं घाटमाथ्यावरून ट्रकनं येतात, दिवाळीच्या आधी गादीवाफ्यावर प्लास्टिकचा कागद अंथरून लावतात, खालून ठिबकचं पाणी. संक्रांतीच्या आसपास फळ भरात येतं. ऊन तापायला लागलं की सगळं संपतं. तेवढ्या दिवसांत जे साधेल ते साधायचं.

मी जालन्यातल्या एका शेती सल्ला केंद्रात होते. फळपिकं माझ्याकडं. लोकांना वाटायचं मी औषधं सांगते. खरं तर माझं निम्मं काम औषध मारू नका हे सांगण्याचं होतं. फळ गोड व्हावं, टणक राहावं, लवकर नासू नये, यासाठी जे काही करायचं ते फळ झाडावर असतानाच करावं लागतं, आणि त्यातलं बरंचसं फवारणीच्या पंपात मावत नाही. युरिया जास्त झाला की पाला माजतो आणि फळ पाणचट होतं. पाणी आज भरपूर, उद्या काहीच नाही, असं केलं की फळ तडकतं. आणि कॅल्शियम कमी पडलं की फळ बोटाखाली बसतं. घराच्या भिंतीत विटांना धरून ठेवायला जसा चुना, तसं फळाच्या पेशींना कॅल्शियम. ते मुळातून वर जातं, पण पानं ते ओढून घेतात, फळापर्यंत पोचत नाही. म्हणून फळ हिरवं, बारीक असतानाच त्याच्यावर फवारायचं. पिकल्यावर फवारून फक्त समाधान मिळतं.

हे पटवताना जीभ झिजली. अंबड रोडला एक गृहस्थ होते, त्यांनी ठिबकच्या टाकीत गूळ कालवला. मुळांनी गोड प्यालं तर फळात गोड उतरेल, हा त्यांचा हिशोब. मला बोलावलं तेव्हा नळ्या चिकटून बंद पडलेल्या आणि वाफ्यावर मुंग्यांची जत्रा भरलेली. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "मॅडम, मुंग्या आल्या म्हंजी गोडी उतरली की न्हाई?" त्या माणसाशी वाद घालायची ताकद त्या दिवशी माझ्यात नव्हती.

पण मला लिहायचं आहे ते वंदनाबद्दल आणि तिच्या सासऱ्यांबद्दल.

एसटीनं कुंभार पिंपळगावला उतरायचं, तिथून जांब समर्थच्या दिशेनं थोडं आत गेलं की त्यांचं गाव. वंदना तिशीची असेल. नवरा ज्ञानेश्वर जालन्यात सळईच्या गिरणीत कामाला. भट्टीतून निघालेली लाल सळई चिमट्यानं ओढून पुढं ढकलायची, हे त्याचं काम. एकदा सळई वळली आणि त्याच्या उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत भाजून गेली. हात बरा झाल्यावर तो पुन्हा तिथंच गेला. तेव्हापासून वंदनाच्या डोक्यात एकच होतं, की वावरात असं काहीतरी उभं करायचं की हा माणूस भट्टीपुढून परत यावा. सासऱ्यांनी तिला विहिरीजवळचा एक तुकडा दिला. तिनं मोबाइलवर बघून, माझ्याशी बोलून तिथं स्ट्रॉबेरी लावली.

सासरे दिगंबरराव. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदा-लसूणसुद्धा बेतानं. दर शनिवारी जांबला जायचे. जाताना वावरात जे काही पिकलं असेल, काकडी असो, मोसंबी असो, ते पानावर घेऊन रामापुढं ठेवायचे. स्ट्रॉबेरी आली तेव्हा तीही ठेवली. पुजाऱ्यांनी विचारलं, हे काय? हे म्हणाले, "सूनबाईचं फळ हाय."

पहिल्या तोडणीचा माल वंदनानं जालन्याला रफीकभाईंकडं पाठवला. रफीकभाई मोंढ्याजवळचे फळांचे व्यापारी, बोलायला गोड, मालाच्या बाबतीत कडक. संध्याकाळी त्यांचा मला फोन. "मॅडम, माल दिसायला एकदम हिरो. पन डब्बा उघडला तर खाली पानी जमलेलं. दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकला ना, तर मी सगळा घेतो, बिलकुल सगळा. न्हाई तर मंग आइस्क्रीमवाल्याला द्या."

मी गेले, वाफे बघितले. पाला डोळ्यांत भरेल असा हिरवागार. मी विचारलं, "युरिया किती सोडला?"

वंदना जमिनीकडं बघत म्हणाली, "झाडं कशी छान वाढून राह्यली व्हती, म्हनून सोडतच गेले."

मी तिच्यावर रागावले नाही. सगळेच करतात. नत्र बंद करायला सांगितलं, पाणी रोज सकाळी बेतानं. हिरव्या फळांवर कॅल्शियम, तेही उन्हाच्या आधी, नाहीतर फळाच्या डोक्यावरची हिरवी पाकळी करपते. शेवटी एक नवीन औषध होतं, ते मी पिशवीतून नेलं होतं. कायटोसन. पाण्यात विरघळवून फळ पिकण्याआधी फवारलं की फळावर न दिसणारा पातळ थर बसतो, आणि झाडही बुरशीशी लढायला सावध होतं, असा त्याचा गुण. विषारी नाही. मी ते वेगवेगळ्या वावरांत वापरून बघत होते आणि मला त्याचा भरवसा वाटायला लागला होता.

वंदनानं बादलीत पाणी घेतलं. बाटलीचं झाकण उघडून वास घेतला. "शिरक्यासारखा येतोय. कशापासून करतात हो हे?"

"खेकड्याच्या आणि झिंग्याच्या कवचापासून," मी सांगितलं. कुणी विचारलं की मी नेहमीच सांगायचे, आणि बहुतेक जण "बरं" म्हणून पुढं जायचे.

वंदनानं बाटलीचं झाकण परत लावलं. "मामांना सांगावं लागंल."

"प्लॉट तुझा आहे. तू ठरव."

"प्लॉट माझा हाय, पन शनवारी फळ मामा घेऊन जातेत ना. न सांगता मारलं अन् त्यांनी ते रामापुढं ठिवलं, तर मला रात्री झोप लागायची न्हाई, मॅडम."

आम्ही घरी आलो. दिगंबरराव ओसरीवर बसले होते. चहा आला, सगळ्यांना एकसारख्या कपात, मलाही. त्या घरात पहिल्या दिवसापासून कधी वेगळं झालं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगितलं पाहिजे. वंदनानं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. दिगंबररावांनी मान खाली घालून ऐकलं.

"खेकडा?" त्यांनी मला विचारलं.

"त्याचं कवच. मांस नसतं त्यात. धुऊन, उकळून, प्रक्रिया करून..."

"बराबर हाय. तुमी भल्यासाठीच सांगून राह्यल्या." त्यांनी कप खाली ठेवला. "पन मॅडम, माझ्या वावराला इटाळ नको."

विटाळ हा शब्द उच्चारताना त्यांना काहीच वाटलं नाही. ते औषधाबद्दल बोलत होते, माझ्याबद्दल नव्हे, हे मलाही कळत होतं. पण माझं आडनाव साळवे. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या पहिल्या गावात शाळेच्या माठाजवळ त्यांच्यासाठी वेगळा तांब्या असायचा, आणि त्याचं कारण म्हणून हा एकच शब्द सांगितला जायचा. बाबासाहेबांच्या मागून आमचं घर धम्मात आलं, वडिलांनी आम्हा सगळ्या बहिणींना शिकवलं, मी कृषी पदवीधर झाले, सरकारी गाड्यांतून गावोगाव हिंडले. तरी कुठल्यातरी ओसरीवर, कुठल्यातरी भल्या माणसाच्या तोंडून तो शब्द येतोच. तरुणपणी मला त्याचा संताप यायचा. आता थकवा येतो. असं वाटतं, गुडघे दुखत असताना पुन्हा तोच जिना चढायचा आहे.

मी चहा संपवला. अर्धा ठेवला असता तर का ठेवला हे सांगावं लागलं असतं. म्हणाले, "ठीक आहे, त्याच्याशिवाय करू." बाटली पिशवीत टाकली. वंदना मला मोटारसायकलवर पिंपळगावला सोडायला आली. उतरताना तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तिला कळलं होतं.

मग आम्ही त्याच्याशिवाय केलं. कॅल्शियम वेळेवर, पालाश थोडं वाढवून, पाणी नेमानं. वाफ्यांवरून जुनी पिवळी पानं काढून टाकली म्हणजे हवा खेळती राहील. तोडणी उन्हं चढायच्या आत, फळ चिमटीत न दाबता देठासकट खुडायचं. वंदनानं गावातल्या बायकांना ते शिकवलं. बायका म्हणायच्या, "एवढं तर आमी लेकराला बी जपलं न्हाई." पंधरवड्यात फरक दिसला. फळ हातात घेतलं की जड लागायला लागलं. रफीकभाईंचा फोन आला. "मॅडम, आज दुसरा दिवस. डब्बा सुका. पाठवून द्या."

ज्ञानेश्वर सुट्टीला आला तेव्हा मी तिथं होते. आडव्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. भाजलेल्या हाताची बोटं पुरती मिटत नसत, पण फळ खुडायला ती बोटं बरोबर बसली, कारण दाबता येत नव्हतं. वंदना त्याला म्हणाली, "बघा, तुमच्याच हातासाठी हाय हे काम." तो हसला. पुढच्या हंगामात क्षेत्र वाढवू, मग गिरणी सोडतो, असं तो मला म्हणाला. मी सहसा कुणाला "नक्की" म्हणत नाही. त्या दिवशीही म्हटलं नाही, पण म्हणावंसं वाटलं.

आणि मग भर तोडणीत अवकाळी आला. आधी ढग, मग दमट, गारवा धरलेली हवा, आणि त्यावर पाऊस, थांबून थांबून. स्ट्रॉबेरीला याच्याइतकं वाईट काही नाही. फुलात शिरून बसलेली बुरशी अशा हवेची वाटच बघत असते. वंदनाचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. म्हणाली, "या म्हणजे झालं."

मी गेले. लाल फळांवर राखाडी लोकर उगवली होती. एक फळ नासलं की त्याला टेकलेलं दुसरं नासतं, मग तिसरं. हात लावला की धुरासारखी पूड उडायची. अशा वेळी औषधानं काही होत नाही. नासलेलं सगळं वेचून बाहेर काढायचं आणि लांब खड्ड्यात पुरायचं, म्हणजे उरलेलं वाचतं. आम्ही वाफ्यांत बसून दिवसभर तेच केलं. दिगंबररावही आले, धोतर खोचून चिखलात बसले. त्यांची बादली भरली की ते उठून खड्ड्यापर्यंत जायचे, ओतायचे, परत यायचे.

हंगामातलं उरलेलं फळ थोडंच निघालं. ज्ञानेश्वर भट्टीवर परत गेला.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी माझ्या जालन्याच्या घराची बेल वाजली. दारात दिगंबरराव. मुलाला भेटायला आल्तो, म्हणाले, पण ते खरं नव्हतं. एमआयडीसी गावाच्या दुसऱ्या टोकाला. आत आले, खुर्चीवर टेकले. भिंतीवरच्या फोटोंकडं बघितलं, बुद्धाच्या, बाबासाहेबांच्या, माझ्या वडिलांच्या. मग म्हणाले, "एक इचारायचं हाय. खरं सांगा. ते कवचाचं औषध मारलं असतं, तर वाचलं असतं का?"

त्या वेळी मला हो म्हणता आलं असतं. हो, सगळं वाचलं असतं, तुमच्या सोवळ्यापायी गेलं, असं म्हटलं असतं तर कुणी मला खोटं ठरवलं नसतं, आणि तो माणूस ते ओझं घेऊन मरेपर्यंत चालला असता. माझ्या मनात ते आलं. मी देवमाणूस नाही.

"थोडं वाचलं असतं," मी म्हणाले. "सगळं नाही. एवढ्या पावसात कायटोसन मारलेल्या वावरातही फळ नासलं, मी बघून आले. तुमचं थोडं जास्त उरलं असतं. पण ज्ञानेश्वर भट्टीवरून परत येईल एवढं नसतं उरलं."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला.

"अजून एक," ते म्हणाले. "त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द गेल्ता. वंदनानं सांगितलं. मला म्हनली, मामा, तुमी औषधाला म्हनले, पन बसलं कुठं ते तुमाला दिसलं न्हाई."

मला वाटलं होतं तसं मन हलकंबिलकं काही झालं नाही. मी म्हणाले, "शब्द तुम्ही काढलेला नाही, दिगंबरराव. जुना आहे. पण वापरू नका."

"न्हाई वापरनार." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मंग पुढच्या साली मारायचं का ते औषध?"

"ते मी नाही सांगणार."

"तुमी सल्ला देता ना?"

"दिला होता. औषधाचं मी सांगितलं. तुमचा नेम तुम्ही सांगितला. आता जिचा प्लॉट आहे तिला विचारा."

त्यांनी विचारलं की नाही मला माहीत नाही. सासरे-सुनेत काय बोलणं झालं ते वंदनानं मला सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही. पुढच्या हंगामात तिचा फोन आला तो थेट, "मॅडम, ती बाटली घेऊन या."

नोकरीच्या शेवटच्या हिवाळ्यात मी त्या वावरात बऱ्याच वेळा गेले. वंदना कायटोसन स्वतः मोजून कालवायची. आभाळानं त्या वर्षी त्रास दिला नाही, म्हणून किती श्रेय औषधाचं आणि किती कोरड्या हवेचं, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. असं कबूल केलं की केंद्रातले साहेब नाराज व्हायचे. रफीकभाई मात्र खूश होते. ज्ञानेश्वर अजूनही गिरणीतच आहे. भट्टीवरून काढून त्याला वजनकाट्यावर बसवलं आहे, पण ते स्ट्रॉबेरीमुळं नाही. तिथला जुना माणूस गावी निघून गेला आणि ती जागा मोकळी झाली म्हणून. वंदना म्हणते, असू द्या, हात तर वाचला. एवढी वर्षं मी लोकांना फळाच्या गुणवत्तेचं सांगत फिरले आणि शेवटी माणसांचं जे काही बरं झालं त्यातलं बरंचसं असंच, दुसऱ्याच कारणानं झालं. याचं वाईट वाटतं की नाही, हेही आता मला नीट कळत नाही.

दिगंबररावांनी त्या तुकड्यातलं फळ खायचं सोडलं. शनिवारी जांबला स्ट्रॉबेरी नेणंही बंद केलं. काकडी नेतात, मोसंबी नेतात. पण सकाळी उन्हं चढायच्या आत डबे भरून झाले की ते मोटारसायकलला बांधून पिंपळगावच्या एसटीपर्यंत तेच पोचवायचे. डब्यांखाली गोधडी घडी करून ठेवायचे, खड्ड्याला हादरा बसू नये म्हणून. रस्त्यात कुणी विचारलं तर सांगायचे, सूनबाईचं फळ हाय.

मी शेवटची गेले तेव्हा वंदनानं माझ्या हातावर एक फळ ठेवलं. चांगलं पिकलेलं, देठापर्यंत लाल. मी ते तिथंच वाफ्याच्या कडेला उभं राहून खाल्लं. दिगंबरराव डबे बांधता बांधता थांबले आणि माझ्याकडं बघत राहिले.

"गोड हाय का?" त्यांनी विचारलं.

"गोड आहे," मी सांगितलं. "बरोबर पिकलंय."

त्यांनी मान डोलावली आणि दोरीची शेवटची गाठ आवळली.